सात खुर्च्या

टायरच्या दुकानात सात खुर्च्या आहेत.
सहा भरलेल्या. सातवीवर कॉफीचं यंत्र,
त्यावर चिकटपट्टीने लावलेली चिठ्ठी: बिघडलंय.
चिठ्ठी मार्चपासून आहे. यंत्र चालतं.
मी बटण दाबते, कॉफी येते.
बाकीचे चिठ्ठी वाचतात आणि घरून थर्मास आणतात.

सरोवरावरून रात्री बर्फ येणार,
म्हणून अख्ख्या ईरी शहराला आजच चाकं आठवलीत.

खाकी जाकिटातला माणूस फोन आडवा धरतो,
पावाचा तुकडा धरावा तसा, तोंडासमोर,
आणि टोलेडोची एक बाई
आमच्या मधोमध येऊन बसते.
"लॉइड, तू पक्का डावा झालायस."
"आणि तू, जिनेट? तुला आरशात काय दिसतं?"

त्याच्या डोक्यावरच भिंतीवर पाटी आहे,
कृपया फोनवर हळू बोला.
वाचायची तर त्याला मान उलटी करावी लागेल.

खरं सांगते, टोपीवरून, बुटांवरून,
ट्रकच्या मागच्या काचेवरच्या हरणाच्या शिंगांवरून
मी त्याला केव्हाच उजव्या खणात ठेवून दिलं होतं.
एकतीस वर्षं शाळेच्या ग्रंथालयात
पुस्तकांच्या पाठीवर आकडे चिकटवले.
नोकरी सुटली, हात थांबत नाही.

"डावा म्हणजे काय गं?"
"म्हणजे तू."
"मी युनियनची वर्गणी भरतो आणि हरणं मारतो."
"तेच ते."
"मग बाबा कोण होते?"
फोन नुसता खरखरतो.
"बाबांचं वेगळं होतं."

कोपऱ्यातली मुलगी
कानातलं एक बोंडूक काढून खिशात टाकते.
दुसरं ठेवते, सभ्यपणासाठी.

मग आवाज न बदलता, त्याच पट्टीत,
"आईला अंघोळ कोण घालतंय?"
"मीच. मंगळवारी आणि शुक्रवारी. दुसरं कोण आहे?
पाठीला फोड आलेत. झोपून झोपून."
आम्ही सगळे आपापले बूट बघतो.
कुणाची तरी उघडी पाठ
अशी खोलीत येऊन पडते,
आणि पांघरूण कुणाकडेच नसतं.

मी तोंड उघडणार होते. बाहेर जाऊन बोला, म्हणणार होते,
वाक्य जिभेवर इस्त्री करून तयार होतं.
तेवढ्यात पाव्लाकबाई, मांडीवर विणकाम,
न विचारता त्याच्या फोनकडे झुकतात:
"झिंकचं मलम लाव. आणि दर दोन तासांनी कूस बदल."
"कोण बोलतंय?"
"टायरच्या दुकानातून."
मोठा थांबा.
"ट्यूबमधलं की डबीतलं?"
"डबीतलं. ट्यूबवाले लुटतात."

नेमका तेव्हा माझा फोन कोंबड्यासारखा आरवतो.
मुलाने बसवलेला आवाज, मला काढता येत नाही.
दर निवडणुकीला तो मला कुंपणावरची म्हणतो,
जणू कुंपणावर बसणं आरामाचं असतं.
पर्सच्या तळाशी हात, किल्ल्या, गोळ्या, पावत्या,
सगळ्या खोलीने माझ्याकडे पाहिलं
तसंच, जसं मी लॉइडकडे पाहत होते.

मेकॅनिक दारात येतो, बोटात किल्ली,
किल्लीला पिवळा कागद: ब्रँडेल, ट्रक, चारही.
"उजवं बाहेरून झिजलंय, डावं आतून.
नुसती चाकं बदलून भागायचं नाही. या, दाखवतो."
लॉइड उठतो, घाईत फोन खुर्चीवर ठेवतो
आणि तसाच त्याच्या मागे जातो.

सहाव्या खुर्चीवर आता जिनेट.
"लॉइड? ऐकतोयस ना?"
कुणी हलत नाही.
"तो ट्रक बघायला गेलाय," पाव्लाकबाई म्हणतात, टाके मोजत.
"तुम्ही सगळे ऐकत होतात का?"

"नाही," आम्ही पाचही जण एकदम म्हणालो.